रिफिलवाली, बेड नंबर चार

९ सप्टेंबर, मंगळवार

आज परत एक रिफिलवाली. या महिन्यातली तिसरी. डासांच्या मशीनची बाटली पिऊन आलेल्यांना आम्ही तेच म्हणतो, नाव कोणी विचारत नाही. ही कॉलेजातली. मोबाईल काढून घेतला म्हणून प्यायली. आईनं आमच्यासमोरच कानाखाली वाजवली. नंदा सिस्टर म्हणाली, "चिंता करू नोको, आता तुले जन्मभर मच्छर चावनार नाई." सगळे हसलो. मीपण. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

रक्त घेताना हात मागे ओढत होती. मी सुई सावकाश काढली. मुद्दाम. लक्षात राहावं म्हणून.

मोठे सर (हॉस्पिटल त्यांचंच) राउंडला म्हणाले, रिफिलचं तेल फुफ्फुसात गेलं तर माणूस जातोसुद्धा, हसू नका. म्हणताना स्वतःच हसत होते.

कोलिनएस्टरेजच्या (शेतीच्या विषाची केस असली की रक्तात बघतात ते) किटची तारीख ऑगस्टमध्येच संपली आहे. स्टोअरला तिसऱ्यांदा लिहून दिलं. "येऊन राहिली मॅडम." दोन आठवडे झाले, येऊनच राहिली आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

क्रमानं लिहिते. नाहीतर काही दिवसांनी मी स्वतःलाच वेगळं सांगेन.

११ वाजून गेल्यावर वैशाली नावाची बाई आणली. वय २४. अड्याळच्या पुढचं गाव. सोबत नवरा आणि सासू. सासूच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रिकामी रिफिल. "मच्छरची दवाई पेली बाई इनं." रडत नव्हती. पिशवी मात्र ज्याला त्याला दाखवत होती, शिपायालासुद्धा.

बेड नं. ४. तोंडातून लाळ, अंग घामानं चिंब. नंदा म्हणाली, "नाटक पाहा हिचं." मी पट्टा बांधला, रक्त घेतलं. घेताना म्हणाले, "घरी लेकरू आहे म्हणे. लाज नाही वाटत?" तिनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती. लाळेमुळे जमलं नाही.

नमुना लॅबमध्ये ११.२०. फॉर्मवर कोलि.ची टिक होती, विषाची केस म्हटली की ती असतेच. मी नळी मागच्या स्टँडला लावली. शिक्षकांच्या आरोग्य तपासणीचे बावीस नमुने आले होते, ते आधी केले. मग डबा खाल्ला. भेंडी होती. रिफिलवाली आहे, घाई कसली.

१.३० ला लावला. आकडा आला ६४०. निरोगी माणसाचा पाच हजाराच्या वर असतो.

वाटलं, किट मेली. खात्री करायला स्वतःचं रक्त काढलं, त्याच किटवर लावलं. माझा ७४००. किट जिवंत होती. तिचा परत लावला, ६१०. वेळ १.५५.

म्हणजे रिफिल नाही. रिफिलमधल्या औषधानं हा आकडा असा कोसळत नाही. धानावर मारायची काही औषधं आहेत, त्यांनी कोसळतो.

पळत वर गेले. मोठ्या सरांनी टॉर्च मारला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सकाळपासून कोणीच डोळे उघडून पाहिले नव्हते. सलाईन आणि पित्ताचं इंजेक्शन, एवढ्यावर ती अडीच तासांहून जास्त पडून होती. अ‍ॅट्रोपिन (या विषावरचा उतारा) २.१० ला सुरू झालं.

पिशवी कॅज्युअल्टीच्या टेबलावर तशीच होती. मी बाटली उघडून पाहिली. वात कोरडी ठक्क. बुडाशी धूळ चिकटलेली. ही बाटली कितीतरी दिवसांची रिकामी आहे. हिच्यातून आज सकाळी कोणी काय पिणार.

१३ सप्टें., शनिवार

अ‍ॅट्रोपिनमुळे लाळ थांबली. बडबडत होती, चादर ओढत होती. दुपारपर्यंत शुद्धीवर.

चार वाजता जमादार जबाब घ्यायला आले. मी दारातच होते, शेजारच्या बेडचं रक्त घ्यायचं होतं. सासू बेडच्या पायाशी उभी. कडेवर नात, अडीच वर्षांची, गुड्डी म्हणतात. जमादारांनी सासूला बाहेर जा म्हटलं, ती म्हणाली, "पोरगी मायसाठी रडते ना साहेब." पोरगी रडत नव्हती. सासूनं तिला मांडीच्या आतल्या बाजूनं चिमटा घेतला. मी पाहिला. मग पोरगी रडली.

वैशालीनं जबाब दिला. "खोकल्याची दवाई समजून चुकून पेली. कोनावर शक नाई." सही करताना पेन दोनदा सुटला.

मो. सरांना म्हणाले, सर, हे रिफिल नाही, तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, "मला उपचार माहीत आहेत. बाकी जबाबात आहे ते आहे."

१४ सप्टें., रवि.

माझी सुट्टी, तरी गेले. रोज कोलि. बघायचा आहे असं सांगितलं. खरं कारण तेवढंच नव्हतं.

सासू खाली चहाला गेली होती. मी पट्टा बांधला. वैशाली अगदी हळू बोलली.

"बाई, तुमच्या मशीनमंदी दिसते का?"

"काय?"

"कोनं देल्लं ते."

मी म्हटलं, "नाही. तेवढं नाही दिसत. काय गेलं ते थोडंफार दिसते."

मग तिनं सांगितलं. तिच्याच शब्दात लिहिते. "लगन होऊन चार वर्सं झाले. रोज पाचले उठून मीच चहा करतो सगळ्याइचा. परवा उठली त सासूमाय चुलीपाशी. म्हने, बस, आज तुले आयता देतो. लय गोड केल्ता. कडू लागे मधी-मधी, पन म्हटलं मायनं केला, काहून बोलाव. मी खुश झाली बाई. पुरा पेली."

विचारलं, जमादाराला का नाही सांगितलं.

"गुड्डी त्याइच्याजवळ हाये."

मी म्हटलं, मी सांगते. तिनं माझं मनगट धरलं. पकड अगदी ढिली, लहान पोरासारखी. "तुमी चांगल्या हा."

परवा लाज नाही वाटत का विचारलं होतं मी हिला.

कोणालाच सांगितलं नाही. पायऱ्या उतरताना जमादारांचा नंबरसुद्धा काढला होता. मग डोक्यात आलं, सांगायचं म्हणजे आकडा सांगायचा. आकडा सांगायचा तर वेळही सांगावी लागेल. ११.२० ते १.५५. आणि किटची तारीख. फोन पर्समध्ये ठेवला.

उद्या सांगू.

१५ सप्टें., सोम.

सकाळी तिला उशीवरून मान उचलता येईना. नंदाला वाटलं झोपेत आहे. श्वास वरवरचा, ओठ निळे. मो. सर धावत आले, नळी टाकली, व्हेंटिलेटरवर घेतलं. या विषात असं होतं, माणूस बरा वाटतो आणि दोन-तीन दिवसांनी श्वासाचे स्नायूच थकतात. सरांना माहीत होतं. पुस्तकात मीही वाचलं होतं.

आता ती बोलू शकत नाही. माझा "उद्या" गेला.

सर नागपूरला हलवा म्हणाले. नवरा म्हणाला, मायले विचारतो. माय म्हणाली, "इथंच ठेवा. कायले पोरीचे हाल करता." इतक्या मायेनं म्हणाली की नंदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

१७ सप्टें., बुध.

दुपारी ३.४० ला गेली.

सासू पोर्चमध्ये छाती बडवून रडली. चांगली रडते. लोक थांबून पाहत होते. मग डोळे पुसून काउंटरवर आली आणि विचारलं, ती पिशवीतली बाटली पोलिसाइले देल्ली ना, हरवली नाई ना.

व्हिसेरा रासायनिक तपासणीला नागपूरला जाणार. तिच्या पहिल्या दिवसाचं सीरम उरलं होतं, अर्ध्या मिलीपेक्षा थोडं जास्त. सात दिवसांनी फेकायचा नियम. मी नळीवर नाव, तारीख लिहून फ्रीझरच्या तळाशी ठेवली. का ठेवली विचारलं तर सांगता येणार नाही.

घरी ह्यांनी विचारलं, जेवत का नाहीस. सगळं सांगितलं. हे कंपनीतून नुकतेच आले होते, बूटसुद्धा काढले नव्हते. म्हणाले, "आता ते मेली. तू कायले मरतं?" वाईट म्हणून म्हणाले नाहीत. तेच जास्त लागलं.

१९ सप्टें., शुक्र.

मो. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. रजिस्टर घेऊन या म्हणाले. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मेश्राम मॅडम, हे ११.२० कशाला लिहिलं?"

"आला तेव्हा लिहिलं."

"१.२० ला आला असेल. एक कांडी जास्तीची पडली. होतं घाईत."

मी रजिस्टर मिटलं.

"उद्या कोणी विचारलं अडीच तास काय करत होता, तर काय सांगाल? शिक्षक? आणि वर तारीख गेलेल्या किटवर रिपोर्ट. तुमच्याच भल्यासाठी सांगून राहिलो."

मृत्यूच्या कागदावर त्यांनी 'डासरोधक द्रावण प्राशन' असं लिहिलं आहे. कोलि.चा उल्लेखच नाही. म्हणाले, व्हिसेऱ्यात जे निघायचं ते निघेल, आपण मधात कशाला.

मी विचारलं, "सर, बाराच्या आधी अ‍ॅट्रोपिन मिळालं असतं तर वाचली असती?"

पेनाचं टोपण लावलं. "सांगता येत नाही. कदाचित हो. कदाचित हेच झालं असतं. आणि हे कोणालाच सांगता येत नाही, हे तुमचं नशीब समजा."

२० सप्टें., शनि.

खोडलं. ब्लेडनं. ११ मधला एक खरवडला, आता ते १.२० वाचतं. कागद तिथे जरा पातळ झाला आहे, उजेडात धरला तर कळतं. दहा सेकंद लागले. नंतर साखरेचे आठ नमुने केले. सगळे बरोबर आले.

२६ सप्टें.

रिफिलवाली आली. शाळेतली. नंदा काही बोलली नाही, मीपण नाही. नमुना हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही. अकरा मिनिटांत रिपोर्ट. नॉर्मल. पोरीची आई म्हणाली, "किती चांगले लोक आहात जी तुमी."



२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. घरचे सगळे सकाळीच दीक्षाभूमीला गेले. मी दरवर्षी जाते. यंदा ड्युटी मागून घेतली, पांढरी साडी कपाटातच राहिली.

लॅबच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसून. साडेदहाला पाहिली, बाराला पाहिली, तशीच. विचारलं कोणाचा रिपोर्ट पाहिजे. उठून उभी राहिली.

"रगत पाहनाऱ्या बाई तुमीच का?"

वैशालीची आई. अनसूयाबाई. अड्याळच्या बाजारात भाजी विकते. नवरा नाही, वैशाली एकुलती एक. दवाखान्यात एकदाही का आली नाही विचारलं. "मले सांगतलंच नाई कोनी. जाळल्यावर निरोप आला."

मग म्हणाली, "पोरीचं रगत उरलं असन ना तुमच्याजवळ?"

मला वाटलं, पुराव्यासाठी विचारते आहे. कोणी वकिलानं पाठवलं असेल. विचारलं, "कायले पायजे तुमाले?"

"तिचं काईच नाई देल्लं मले. लुगडं नाई, फोटो नाई. राख बी नदीत टाकली न सांगता. नातीले पाहाले गेली त दार लावून घेतलं. म्हटलं दवाखान्यात रगत काढत असन, ते तरी असन."

फ्रीझर उघडला. तळातून नळी काढून तिच्या हातात दिली. तिनं ओंजळीत धरली.

"हे लाल नाई."

"लाल खाली बसते. ते आम्ही फेकतो. हे वरचं पाणी आहे."

तिनं मान हलवली, समजल्यासारखी. नळीवरचा बर्फ विरघळून तिच्या बोटांवरून ओघळला. तिनं पदराला नाही पुसला, कपाळाला लावला.

मग मी सगळं सांगितलं. उभ्यानंच. चहा सांगितला. बाटलीची कोरडी वात सांगितली. शिक्षक, भेंडी, ब्लेड, सगळं. ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "चहा गोड होता म्हने?"

"हो."

"तिले साखर जास्तच लागे लहानपनापासून. मी देत नव्हती. दात किडतीन म्हनून."

नळी घरी नेऊ का विचारत होती. मी नाही म्हटलं. विरघळली की खराब होईल, पोलिसांना द्यावी लागेल. तिच्या हातातून परत घेतली. बोटं सोडवावी लागली मला तिची.

४ ऑक्टो., शनि.

ठाण्यात गेले. अनसूयाबाईंनी अर्ज दिला, मी जबाब. तेच जमादार. माणूस वाईट नाही. पूर्ण ऐकून पेन खाली ठेवला.

"मॅडम, मरनारी स्वतः म्हनते चुकून पेली. तुमच्या किटची तारीख गेलेली. वेळ तुमीच खरवडली. नळी तुमच्याच फ्रीझरमंदी. समोरचा वकील तुमाले उभं चिरन."

"माहीत आहे."

"आन म्हाताऱ्या बाईले काई होनार नाई, तुमालेच होईन पयले. तरी लिहू?"

"लिहा."

लिहायला दोन तास लागले. रजिस्टर नेलं, नळी बर्फाच्या डब्यात घालून नेली. पुढचं व्हिसेऱ्याचा रिपोर्ट आल्यावर. कधी येईल? "येईन तवा येईन."

७ ऑक्टो., मंगळ

मो. सर रागावले नाहीत. नवीन टेक्निशियन मिळेपर्यंत या म्हणाले, नंतर नाही. कोलि.ची नवीन किट आज आली, पूर्ण पेटी. नंदा माझ्याशी बोलत नाही. जबाबात मी तिचा "नाटक" हा शब्द घातला म्हणून. माझं "लाज नाही वाटत" पण घातलं आहे, ते तिला कोणी सांगितलं नसावं.

हे दोन दिवस बोलले नाहीत. आज सकाळी गाडी काढताना म्हणाले, "पुलापावतर येतो सोबत." पुलापर्यंत आले, परत फिरले.

११ ऑक्टो., शनि.

अनसूयाबाईंचा फोन. रडत नव्हती. जावयाची सोयरीक पक्की झाली म्हणाली. मुलगी साकोलीकडची, दिवाळीनंतर लग्न. सासूनंच ठरवली. वैशाली असतानाच बोलणं झालं होतं असं गावात म्हणतात. पहिल्या बाळंतपणात वैशालीची गर्भपिशवी काढावी लागली होती. पुढं मूल होणार नव्हतं. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

तरी मी चहाची कल्पना करू शकत नाही. साखर घालताना हात कसा चालला असेल तिचा.

१६ ऑक्टो., गुरुवार

आज सासू आली. लॅबमध्येच. कडेवर गुड्डी, तापानं फणफणलेली. डेंग्यूची तपासणी लिहून दिली होती. भंडाऱ्यात दुसऱ्या लॅब नाहीत असं नाही. इथेच आली.

खुर्चीवर बसली, पोरीला मांडीवर घेतलं. माझ्याकडे पाहून अगदी नीट, घरच्यासारखं म्हणाली, "तुमीच लिहून देल्लं ना पोलिसात?"

"हो."

"बरं केलं. ज्याले जे वाटते ते लिहाव मानसानं." मग पोरीचा हात पुढे केला. "दे बाई हात. रगत पाहनारी बाई हाये. मायचं बी इनंच काढलं होतं."

पोरगी रडली नाही. हातभर मच्छर चावल्याचे फोड. शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं. पोरगी नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मी हवं होतं त्यापेक्षा थोडं जास्त रक्त घेतलं.

"कायले एवढं?"

"लागते."

"तापात काईच खात नाई. मीच हातानं चारून राहिली. दूद, पेज. मायाच हातचं खाते फक्त."

डेंग्यूची पट्टी लावली. फॉर्मवर टिक नसलेला कोलि.पण लावला, नव्या किटवर. आकडा येईपर्यंत दोन्ही हात टेबलावर दाबून उभी राहिले.

५९००. नॉर्मल. डेंग्यू निगेटिव्ह.

डेंग्यूचा रिपोर्ट दिला. दुसऱ्या आकड्याचं बोलले नाही. तिनं कागदाची नीट घडी केली, पोलक्यात ठेवला. गुड्डीनं तिच्या खांद्यावर डोकं टाकलं, अंगठा तोंडात. दोघी बसस्टँडकडे गेल्या.

जमादारांना फोन केला. पोरगी तिच्या आजीकडे, अनसूयाबाईंकडे देता येत नाही का? म्हणाले, बाप जिवंत आहे, बापाच्या घरी आहे, आरोप सिद्ध नाही, कोणत्या कायद्यानं? "आन मॅडम, पोरीचा रिपोर्ट तर नॉर्मल हाये म्हनता ना?"

म्हटलं, आजचा नॉर्मल आहे.

पुढचा ताप आला की परत आणा असं सासूला सांगितलं आहे. तेव्हा मी तिथे असेन की नाही, माहीत नाही. नवीन टेक्निशियनची मुलाखत सोमवारी.